एक हिसका म्हणजे थांब

"हिला आवाजच नाय. मुकी आहे मुकी. हिच्यावर माणसानं भरवसा ठेवायचा कसा?"

नाथा उंबऱ्यात बसून मांडीवरच्या नव्या मशीनविषयी कुरकुरत होता. त्याच्या मते तो स्वतःशीच पुटपुटत होता, पण नाथाचं पुटपुटणं अलीकडे चाळीच्या तिसऱ्या खोलीपर्यंत पोचायचं. त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, कौसाबाई फडक्यात भाकरी गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"थांब, चालू करून दाखवतो. बघ."

त्यानं खटका दाबला. चेन फिरली आणि मशीन अशी किंचाळली की पत्र्यावरचे दोन कावळे उडाले आणि समोरच्या खोलीतलं तान्हं दचकून रडायला लागलं.

"आलं काय ऐकायला?" नाथा म्हणाला. "आपला पंखा जास्त बोलतो."

आरशासमोर वेणी घालणाऱ्या किर्तीचा हात तिथल्या तिथे थांबला. "बाबा, एवढी तर किंचाळते ती..."

कौसाबाईनं पायाच्या अंगठ्यानं लेकीच्या टाचेला टोचलं. किर्तीनं पुन्हा वेणी हातात घेतली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

मशीन बॅटरीची होती. नाथा चोवीस वर्षं झाडांच्या फांद्या छाटायचं काम करत होता. अंबरनाथ पूर्वेची निम्मी झाडं त्याला नावानिशी ओळखतात असं तो म्हणायचा. सुरुवातीला कुऱ्हाड, मग पेट्रोलची मशीन. ही पेट्रोलची मशीन, म्हणजे घरातली 'जुनी', सुरू झाली की सगळी गल्ली कानात बोटं घालायची. साक्षात देव जरी झाडाखाली येऊन काही बोलला असता तरी वर ऐकू गेलं नसतं. म्हणून नवराबायकोनं दोरीची भाषा काढली होती. नाथाच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक कौसाबाईच्या मुठीत. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड, खाली मोकळं आहे. तीन म्हणजे उतरा, चहा आलाय. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि त्यांतलं निम्मं बोलणं त्यांनी दोरीनंच उरकलं होतं. कौसाबाई म्हणायची, बरंच झालं, दोरीला उलटून बोलता येत नाही.

त्या आवाजाचा आणखी एक उपकार होता. तो कौसाबाईला पुष्कळ उशिरा कळला. जिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, तिथे एकालाच ऐकू येत नाही हे कुणाला दिसत नाही.

बॅटरीची मशीन घ्यायची ठरली तेव्हा घरात तिघांची तीन कारणं होती. किर्ती म्हणाली, बाबांच्या छातीत धूर जातो. कौसाबाई म्हणाली, हात बधिर होतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, परवा सदऱ्याची बटणं मी लावून दिली. नाथा म्हणाला, पंपावर हल्ली बाटलीत पेट्रोल देत नाहीत, प्रत्येक वेळी त्या पोराची मिनतवारी करा. तिन्ही कारणं खरी होती. चौथं कारण कुणीच काढलं नाही. किर्ती आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याच्या पॅकिंगला होती. तिकडे मशीनवरच्या लोकांचे कान तपासायला वर्षातून एकदा गाडी यायची आणि तपासून झालं की कागदावर एक रेघ काढून द्यायची. कुणाची रेघ सपाट, कुणाची घसरगुंडीसारखी. किर्तीनं त्या रेघा पाहिल्या होत्या. घरी येऊन ती म्हणाली मात्र, "धुराचं काहीतरी करायला पाहिजे, आई."

मशीन आणायला तिघं उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राजूशेटच्या दुकानात गेली. राजूशेटनं नाथाची जुनी मशीन दहा वेळा दुरुस्त केली होती. त्यानं नवी टेबलावर ठेवली, बॅटरी खट्कन बसवली, बॅटरीवरचे चार हिरवे दिवे लावून दाखवले.

"साईं, चार लाईट म्हणजे फुल. एक राहिली की खाली उतरायचं. इसमें दोरी खींचने का झंझट नहीं, तेल-पेट्रोल मिलाने का झंझट नहीं. बस, चेनला तेल पाजत राहा."

नाथा भिंतीवर टांगलेले पट्टे बघत होता. पाठमोरा. राजूशेटनं दोनदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. शेवटी तो कौसाबाईकडे वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "भाभी, साहेबांना जरा..." त्यानं एक बोट कानाकडे नेलं.

"लक्ष नसतं त्यांचं," कौसाबाई म्हणाली. "पहिल्यापासूनच."

राजूशेट शहाणा माणूस. त्यानं कानाकडे नेलेल्या बोटानं डोकं खाजवलं.

'लक्ष नसतं' या दोन शब्दांवर कौसाबाईनं सात वर्षं घर चालवलं होतं. टीव्ही चाळीसवर लागायचा, का तर त्यांना बातम्या जोरात आवडतात. फोन खिशात थरथरत ठेवायचा, का तर रिंग वाजली की झाडावर दचकायला होतं. किर्तीला बघायला कल्याणचे लोक आले होते, तेव्हा मुलाच्या काकांनी विचारलं, "आपलं मूळ गाव कुठलं?" आणि नाथा हसतमुखानं म्हणाला, "आंबा. पण जून झालाय, आतून पोकळ." काका पोट धरून हसले. सासरेबुवा विनोदी आहेत, असं त्यांचं मत झालं. ते स्थळ पुढे गेलं नाही, पण त्याला कारण वेगळं होतं, असं कौसाबाई स्वतःला सांगत असे.

नुसतं कान गेले म्हणून एवढं लपवायचं काय, असं कुणीही विचारेल. म्हातारपणी कुणाचे जात नाहीत? पण त्याच्यामागे सुदाम होता.

सुदाम नाथाचा जोडीदार. दोघं बारवीकडच्या एकाच गावचे, एकाच माणसाच्या हाताखाली शिकलेले. त्या माणसाचा एक नियम होता आणि तो या धंद्यात अजून सगळे पाळतात: ज्याला हाक ऐकू जात नाही, त्यानं झाडावर चढायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी कात्रपला एका जांभळावर सुदाम कुऱ्हाड घेऊन वर होता आणि खालून नाथानं हाक मारली. सुदामनं ऐकली नाही. फांदी पडली, कुणाला लागलं नाही, एका सायकलचा चिमटा झाला तेवढाच. नाथानं त्याला खाली बोलावलं आणि पंधरा माणसांसमोर म्हणाला, "सुदाम, तुला ऐकू येत नाय. आता वर जायचं नाय." 

दोनच वाक्यं. सुदामनं पट्टा सोडला, खाली ठेवला आणि गेला. त्यानंतर तो एकाही झाडावर चढला नाही आणि नाथाशी एकदाही बोलला नाही. आता स्टेशनाजवळच्या एका दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो. नाथा दिसला की तोंड फिरवतो. नाथा म्हणतो, "त्याचं चुकलंय काय? पण मी तरी काय करणार होतो? माणूस मेला असता."

सुदामला सांगितलेली ती दोन वाक्यं घराच्या पोटमाळ्यावर ठेवल्यासारखी होती. कौसाबाईला रोज दिसायची, पण खाली काढायची छाती होत नव्हती. काढली की नवऱ्याचा पट्टा सुटणार. आणि पट्टा सुटलेला नाथा कसा दिसेल, हे बघायला तिला फार लांब जायची गरज नव्हती. स्टेशनाजवळची ती पायरी पुरे होती. पण नाही काढली तर? या 'पण'नं ती अलीकडे पहाटे चारला जागी व्हायची आणि शेजारी नाथा शांत घोरत असायचा. त्याचं घोरणंही त्याला ऐकू येत नसे, हे एक त्याचं सुख.

नवी मशीन उंबऱ्यात किंचाळली त्या दिवशी शुक्रवार होता, किर्तीला सुट्टी. काम बदलापूर पूर्वेच्या एका सोसायटीत होतं. दोन गुलमोहर, नगरपालिकेची परवानगी काढलेली. सेक्रेटरी शंकरराव फोनवर आधीच म्हणाले होते, "पेट्रोलवाली मशीन आणू नका. गेल्या वर्षीच्या माणसानं आणली होती, पहिल्या मजल्यावरच्या पेशंटचं बीपी वाढलं. शांततेत काम झालं पाहिजे." फोन किर्तीनं घेतला होता. घरातले सगळे फोन ती किंवा आई घ्यायची.

शंकरराव रिटायर झाल्यापासून सोसायटीच चालवत होते. हातात क्लिपबोर्ड, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि बोलताना कागदाकडेच बघायची सवय. तोंड खाली घालून बोलणारा माणूस म्हणजे नाथाला भिंत. 

"नियम एक, जमिनीवर पिवळी पट्टी बांधायची," शंकरराव कागदाला सांगत होते. "नियम दोन, चार वाजेपर्यंत कचरा उचलायचा. नियम तीन..."

"हो हो, साहेब," नाथा म्हणाला. "होईल ना."

"अहो, तिसरा अजून सांगितला नाही मी."

"होईल, होईल."

कौसाबाई मध्ये पडली. "सांगा साहेब, तिसरा काय?"

शंकररावांनी पेनानं नाथाच्या कमरेकडे दाखवलं. "ही दोरी. सेफ्टीचा पट्टा आहे, तो झाडाला अडकवलेला आहे, ठीक. पण ही जादा दोरी कमरेला बांधून तुम्ही खालून ओढणार, हे मला पसंत नाही. माणूस वर आहे आणि खालून हिसके? उद्या तोल गेला तर जबाबदारी कुणाची? पेट्रोलवाल्या मशीनला ठीक होतं, आवाजात ऐकू जात नसेल. आता मशीन शांत आहे. हाक मारायची. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट आहे. किर्तीनं पुढे होऊन वडिलांसमोर तोंड आणलं आणि एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, "बाबा, दोरी नको म्हणतात. आई हाक मारेल."

नाथाला कळलं. क्षणभर त्यानं बायकोकडे पाहिलं. चोवीस वर्षांत कितीतरी उंच झाडांवरून त्यानं खाली पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. जमिनीवर उभा होता आणि नजर पडणाऱ्या माणसाची होती.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. पुढे कितीतरी दिवस कौसाबाई ती वेळ मनात परत परत आणून बघायची. शंकरराव होते, किर्ती होती, वॉचमन होता. तिघांपुढेच झालं असतं. पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत नाथानं कमरेची दोरी सोडून तिच्या हातात दिली आणि हसून म्हणाला, "नाय गरज. हिचा आवाज काय कमी आहे का? कल्याणला ऐकू जातो."

सगळे हसले. कौसाबाईही हसली. बाईमाणसाला अशा वेळी हसू कसं येतं, देव जाणे.

नाथा चढला.

फांदी बांधायची दोरी मात्र राहिली होती, तिला शंकररावांची हरकत नव्हती. मोठी फांदी एकदम खाली पडू नये म्हणून तिच्या शेंड्याकडे दोर बांधतात, तो वरच्या बेचक्यातून घेऊन खाली आणतात आणि बुंध्याला एक वेढा देऊन खालच्या माणसानं धरायचा. फांदी कापली की दोर हळूहळू सोडायचा. हा दोर कौसाबाईकडे होता. रिकाम्या कमरेच्या दोरीची गुंडाळी तिनं पायाशी ठेवली.

पहिल्या दोन फांद्या नीट उतरल्या. दर वेळी नाथा खाली बघायचा आणि ती हात वर करून मोकळं असल्याची खूण करायची. बघायचा तोवर ठीक होतं. मशीनचा चींऽऽ आवाज यायचा आणि थांबायचा. जुनी कशी, कापत नसली तरी गुरगुरत राहायची, तिच्या गुरगुरण्यावरून कळायचं की काम चालू आहे, लांब राहा. ही खटका सोडला की एकदम गप्प. झाडावर माणूस आहे हेही कळू नये इतकी गप्प. पानांतून लाल पाकळ्या पडत होत्या, पार्किंगमधल्या गाड्यांवर. एरवी कुणीही म्हणालं असतं, काय छान वाटतंय. कौसाबाईला ती शांतता अंगावर येत होती.

"आई, एकच लाईट राहिलीय वाटतं," किर्ती म्हणाली. तिला खालून बॅटरीचे दिवे दिसत नव्हते, पण ती मिनिटं मोजत होती. "मी दुसरी चार्जिंगला लावलीय ना वॉचमनच्या केबिनमध्ये, ती घेऊन येते."

"लवकर ये गं."

"दोन मिनिटं."

नाथा तिसऱ्या फांदीकडे सरकला आणि त्यानं तिला दोर बांधला. ही सगळ्यांत जाड, थेट पार्किंगच्या मोकळ्या जागेवर आलेली. ती कापायला त्याला बुंध्याला वळसा घालून पलीकडे तोंड करावं लागलं. म्हणजे पाठ कौसाबाईकडे. त्यानं खालून एक काप दिला. मग पाय बदलायला थांबला. मशीन गप्प झाली.

आणि तळमजल्याच्या दारातून गोजरबाई बाहेर आल्या.

गोजरबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या कुरडया बाजेवर वाळत घातल्या होत्या, पार्किंगच्या कडेला, गेली बारा वर्षं ठरलेल्या जागी. शंकररावांनी सकाळी बाज हलवायला सांगितली होती आणि गोजरबाईंनी सांगितलं होतं की ऊन तिथेच येतं. आता झाडाचा भुसा उडतोय हे त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. मशीन थांबली, म्हणजे काम आटोपलं, असा त्यांचा समज झाला. पेट्रोलवाली असती तर गुरगुरली असती आणि बाई दारातच थांबल्या असत्या. त्या पदर खोचून पिवळ्या पट्टीखालून वाकून आत आल्या आणि बाजेवर ओणवून कुरडया ओटीत गोळा करायला लागल्या. बरोबर तिसऱ्या फांदीखाली.

"आजी!" कौसाबाई ओरडली. "आजी, बाजूला व्हा!"

गोजरबाईंनी मान वर केली. "ओरडतेस काय? कुरडया घेतेय."

वर मशीन सुरू झाली. चींऽऽ.

"थांबा! अहो, थांबा!"

चींऽऽ.

"अहो किर्तीचे बाबा! थांबा! खाली माणूस आहे!"

पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. दुसऱ्या मजल्यावर दोन बायका गॅलरीत आल्या. तिसऱ्या मजल्यावरून शंकररावांचं डोकं बाहेर आलं, ते चहाला वर गेले होते. समोरच्या बिल्डिंगमधले लोकसुद्धा वाकून बघायला लागले. कौसाबाईचा आवाज खरंच कल्याणला गेला असेल. तो फक्त पंधरा फुटांवर, त्या पाठमोऱ्या सदऱ्यापर्यंत पोचत नव्हता. आरडाओरडा ऐकून गोजरबाई घाबरल्या आणि पळायच्या ऐवजी जागीच खिळल्या, कुरडयांची ओटी दोन्ही हातांनी धरून. 

पांढरा भुसा त्यांच्या केसांवर पडत होता.

कमरेची दोरी पायाशी गुंडाळलेली. तिचा काय उपयोग, तिचं दुसरं टोक कुणाच्याच कमरेला नव्हतं. कौसाबाईच्या हातात होता तो फांदीचा दोर. ओढला आणि फांदी मोडली तर? अर्धी कापलेली आहे, गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, कडाक्कन जायचं. पण दोर वरच्या बेचक्यातून येतो, खाली ओढला की फांदी वर उचलली जाईल. जाईल ना? हा एवढा विचार तिनं केला की नुसता हातानं केला, हे तिला नंतर सांगता आलं नाही. तिनं दोर दोन्ही मुठींत घेतला, बुंध्याला पाय लावला आणि ओढला.

एक हिसका.

वर फांदी थरथरली. नाथाचा डावा तळवा तिच्यावर टेकलेला होता.

चीं... आणि गप्प.

तो थांबला. पूर्ण थांबला. हात वर धरून, मान न वळवता, जसा तो इतकी वर्षं एका हिसक्यावर थांबत आला होता तसा. कौसाबाईनं दोराला बुंध्याभोवती आणखी दोन वेढे दिले आणि त्यावर गाठ मारली. केबिनमधून किर्ती धावत आली, बॅटरी जमिनीवर टाकून तिनं गोजरबाईंना दंडाला धरून पट्टीबाहेर नेलं. चार कुरडया खाली पडून मोडल्या. त्यांचा आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू आला.

शंकरराव जिना उतरून आले तेव्हा त्यांच्या हातात क्लिपबोर्ड नव्हता, त्यामुळे ते पहिल्यांदाच माणसांकडे बघून बोलले.

"बाई, त्यांना ऐकू आलं नाही? मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं."

"मशीनच्या आवाजात..." कौसाबाई म्हणाली.

सवयीनं म्हणाली. सात वर्षांत हे वाक्य कुठेही चालायचं. पण आज ते तोंडातून बाहेर पडलं आणि मध्येच लटकलं, कारण मशीन केव्हाची बंद होती आणि चालू होती तेव्हाही गॅलरीतल्या बायकांनी एकमेकींशी बोलून घेतलं होतं. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं, तोही ऐकू येत होता.

"वारा होता ना, काका," किर्ती म्हणाली. झाडाचं एक पान हलत नव्हतं.

नाथा खाली उतरला. पट्ट्याची कडी सोडली, मशीन हातात तशीच. घाम पुसत म्हणाला, "का गं ओढलास? फांदी अर्ध्यात आहे. काय झालं?"

गोजरबाईंना आता कुठे वाचा फुटली होती. त्या काठी नसताना काठी टेकल्यासारख्या तुरुतुरु त्याच्यासमोर आल्या, पण मान खाली, नजर ओटीतल्या कुरडयांवर. "मेले असते मी आज. मेले असते."

नाथानं हसून मान डोलवली. कामावर लोक असंच काहीतरी सांगायला येतात, चहा घ्या, नाहीतर त्या फांदीचंही बघा. "हो हो, आजी," तो म्हणाला. "होईल ना. जेवणानंतर करून टाकू."

कुणी हसलं नाही.

नाथाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पाहुणे गेल्यावर टेबलावर राहिलेल्या कपासारखं. त्यानं एकेकाचं तोंड पाहिलं. शंकरराव बुटांकडे बघत होते. किर्तीनं ओठ दातांखाली धरला होता आणि तिचे डोळे भरले होते. गोजरबाईंच्या केसांत पांढरा भुसा होता. तो त्यानं पाहिला. मग वर, अर्ध्या कापलेल्या फांदीकडे पाहिलं. मग फांदीखालच्या बाजेकडे. झाडावरच्या माणसाला या गोष्टी जोडायला वेळ लागत नाही.

"कौसे," तो म्हणाला. त्याच्या मते हळूच. "काय झालं? बोल की."

कौसाबाई त्याच्याजवळ गेली. आधी तिनं त्याच्या हातातून मशीन घेतली. किर्तीनं शिकवलं होतं तसं मागचं बटण दाबून बॅटरी खट्कन काढली आणि मशीन जमिनीवर ठेवली. दोरीच्या भाषेत तीन खुणा होत्या आणि आता सांगायच्या गोष्टीची खूण त्यांत नव्हती. मग ती त्याच्या कानाशी गेली आणि बोलली. हळू बोलली. सत्तावीस वर्षांच्या नवऱ्याला असली गोष्ट सांगायची तर हळूच सांगावी, चारचौघांत नको, सुदामला सांगितली तशी नको, एवढीच तिची इच्छा होती.

"काय?" नाथा म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. कान आणखी जवळ आणला त्यानं. हाताचा पंजा कानामागे धरला. हा पंजा आजवर तिनं कधी पाहिला नव्हता. म्हणजे एकटा असताना तो धरत असणार.

"काय? मोठ्यानं बोल ना जरा."

गॅलऱ्यांतून माणसं उभी होती. कुणी आत जाईल असं वाटत नव्हतं. कौसाबाईनं नवऱ्याचा पंजा कानावरून काढून आपल्या हातात घेतला, बधिर, थंड, इतक्या वर्षांच्या मशीननं पांढरी पडलेली बोटं सगळी एका मुठीत धरली, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही! आता वर जायचं नाही!"